जिवाणूंच्या अंगावरचे केस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायला लागल्यापासून दरवर्षी हा धडा आला की मागच्या बाकावरून एक आवाज येतोच, "मॅडम, जंतूंना पण केस?" खालचे बरेचसे प्रश्न वर्गातले आहेत, काही घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे आणि एक शेजारच्या काकूंचा. तोंडी उत्तरं देऊन दमले, म्हणून एकदाची लिहून काढली.

जिवाणूंना खरंच केस असतात का?

दिसायला केस, घडणीत नाही. आपला केस म्हणजे मेलेल्या पेशींचा केराटिनने भरलेला दोर. जिवाणूच्या केसात पेशी कुठून येणार? तो स्वतःच एक पेशी. त्याच्या अंगावरचा तंतू प्रथिनाचे शेकडो-हजारो मणी एकापुढे एक ओवून बनतो. ऊब, शोभा यातलं काही त्याच्याकडून होत नाही. त्याचं मुख्य काम पकडणं. आतड्याच्या अस्तराला, दाताला, दगडाला, कपाशीच्या मुळाला, दुसऱ्या जिवाणूला, जे समोर येईल त्याला. उन्हाळ्यात माळावरून चालून आलं की पायमोज्यात कुसळं रुतलेली असतात ना, तसंच काहीसं. फरक एवढाच की कुसळाला कापड कुठलंही चालतं, जिवाणूचा तंतू मात्र ठरावीक साखरेचा रेणू ओळखूनच चिकटतो.

किती बारीक असतात? आमच्या कॉलेजच्या मायक्रोस्कोपमध्ये दिसतील?

नाही दिसणार. ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूच्या नेहमीच्या तंतूची जाडी सुमारे ७ नॅनोमीटर, लांबी एक-दोन मायक्रोमीटर. आपल्या डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत असे दहा हजार तंतू शेजारी शेजारी मावतील. साधा मायक्रोस्कोप साधारण २०० नॅनोमीटरच्या खाली हात टेकतो.

म्हणून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप येईपर्यंत कोणाला यांचा पत्ताच नव्हता. १९४९-५० च्या सुमारास छायाचित्रांत हे बारीक धागे दिसू लागले. १९५५ मध्ये एडिंबरोच्या ड्युगिड यांनी त्यांना 'फिंब्री' म्हटलं, लॅटिनमध्ये झालर. १९५९ मध्ये अमेरिकेतल्या ब्रिंटन यांनी 'पिलाय' म्हटलं, लॅटिनमध्ये केस. दोन्ही नावं टिकली आणि विद्यार्थ्यांचे हाल सुरू झाले. हल्ली तंतूच्या प्रथिनात एक छोटा बदल करून त्याला चमकणारा रंग चिकटवता येतो, मग जिवंत जिवाणू तंतू बाहेर टाकताना आणि आत ओढताना चक्क व्हिडिओत दिसतो. आमच्या पिढीने हे फक्त पुस्तकातल्या बाणांच्या आकृतीत पाहिलं.

पिलाय, फिंब्री आणि कशाभिका यांत फरक काय? (पाच गुणांचा प्रश्न आहे.)

कशाभिका म्हणजे फ्लॅजेला. ती जाड, सुमारे २० नॅनोमीटर, लांब, आणि बुडाशी मोटर असल्यामुळे गरगर फिरते. जिवाणू पोहतो तो तिच्या जोरावर. पिलाय आणि फिंब्री फिरत नाहीत. पूर्वी आखूड आणि पुष्कळ असतील तर फिंब्री, लांब आणि मोजके असतील तर पिलाय असं शिकवत. संशोधनात आता ही भिंत जवळजवळ पडली आहे, पण पेपर तपासणाऱ्याच्या डोक्यात ती उभी असू शकते, तेव्हा लिहून या.

पॅरामिशियम या एकपेशीय जीवाच्या अंगावरची लव यात घुसडू नका. ती पक्ष्माभिका. तिच्या आत सूक्ष्मनलिकांची नऊ अधिक दोन अशी रचना असते, ती जिवाणूच्या तंतूच्या कित्येक पट जाड असते आणि पेशीच्याच पटलाने झाकलेली असते. नात्याचा काही संबंध नाही.

हे तंतू तयार कसे होतात?

टोक आधी, बूड शेवटी. आपल्या नखासारखे ते मुळाकडून वाढतात. ई. कोलायमध्ये मण्याचं प्रथिन पेशीच्या दोन पटलांमधल्या जागेत येतं तेव्हा ते अर्धवट असतं, त्याच्या घडीत एक पट्टी कमी. तिथे एक मदतनीस प्रथिन आपली पट्टी उसनी देऊन त्याला सावरतं आणि बाहेरच्या पटलातल्या दरवाजापर्यंत पोचवतं. दरवाजाशी मागून येणारा मणी आपल्या शेपटाची पट्टी पुढच्याच्या खाचेत घालतो, आणि मदतनीस सुटतो. प्रत्येक मणी असा पुढच्याचं अपुरेपण भरून काढतो. मला हा प्रकार फार आवडतो, कारण इथे गोंद नाही, शिवण नाही, तरी उकळत्या पाण्यालाही हा धागा सहजासहजी दाद देत नाही.

डिफ्थेरियाच्या जिवाणूसारख्या ग्रॅम-पॉझिटिव्ह, म्हणजे जाड भिंतीच्या, मंडळींची पद्धत निराळी. त्यांच्यात सॉर्टेज नावाचं विकर मण्यांना रासायनिक बंधाने पक्कं जोडून टाकतं.

काकूंचा प्रश्न : मला सारखी उन्हाळी लागते, त्याचा या केसांशी काय संबंध?

संबंध थेट आहे. लघवीच्या संसर्गाच्या बहुतेक केसेसमध्ये दोषी असतो ई. कोलाय, तोही आपल्याच आतड्यातला. स्त्रियांचा मूत्रमार्ग आखूड, त्यामुळे त्याला मूत्राशयापर्यंतचा प्रवास सोपा. पण पोचलं म्हणजे राहता आलं असं नाही. दर काही तासांनी तिथे पूर येतो आणि सगळं धुऊन निघतं. टिकतो तो ज्याला धरता येतं तोच.

धरायचं काम करतं तंतूच्या अगदी टोकाचं एक प्रथिन, फिम-एच. मूत्राशयाच्या अस्तरावरच्या प्रथिनांना मॅनोज नावाच्या साखरेचे झुपके लटकलेले असतात, फिम-एच त्या साखरेला मिठी मारतं. आणि गंमत इथे आहे : लघवीचा झोत आला, जिवाणू ओढला गेला, की ही पकड सैल होण्याऐवजी घट्ट होते. सुरगाठ ओढली की सुटते, निरगाठ ओढली की आवळते. फिम-एच निरगाठीच्या जातीचं. शिवाय तंतूचा दांडा स्प्रिंगसारखा वेटोळ्यांचा असतो. धक्का बसला की वेटोळी उलगडून तो कित्येक पट लांब होतो आणि झटका पचवतो. होडी नांगराच्या दोरावर हेलकावे खाते, दोर काही तुटत नाही.

आपलं शरीरही गप्प बसत नाही. निरोगी लघवीत सगळ्यात जास्त असलेलं प्रथिन म्हणजे युरोमोड्युलिन. त्याच्यावरही मॅनोजवाल्या साखळ्या असतात. जिवाणू भिंत समजून त्यालाच मिठी मारतो आणि लघवीबरोबर बाहेर जातो.

मूत्रपिंडापर्यंत चढणाऱ्या जिवाणूंकडे बहुधा दुसऱ्या जातीचे तंतू असतात, त्यांना पी-पिलाय म्हणतात. ते मॅनोजऐवजी पी रक्तगटाशी संबंधित वेगळी साखर ओळखतात, आणि ती साखर मूत्रपिंडाच्या पेशींवर मुबलक असते. म्हणजे जिवाणू कुठल्या मजल्यावर बिऱ्हाड करणार हे बऱ्याच अंशी त्याच्या केसांवर ठरतं.

मग ती मॅनोजची पावडर घेऊ का? ऑनलाइन मिळते.

कल्पना सुरेख आहे : लघवीत मॅनोज सोडायची, तंतूंची टोकं त्यातच गुंतवून ठेवायची. कागदावर बिनतोड. पण २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीचा निकाल आला. वारंवार संसर्ग होणाऱ्या ५९८ स्त्रिया, सहा महिने रोज पावडर, निम्म्यांना मॅनोजची, निम्म्यांना नुसत्या दिखाऊ साखरेची. मॅनोजवाल्या गटात ५१ टक्के जणींना पुन्हा डॉक्टरकडे जावं लागलं, दुसऱ्या गटात सुमारे ५६ टक्के. हा फरक योगायोगाच्या पलीकडचा म्हणता येईल एवढा नाही. काकू, पैसे वाचवा, लघवीची कल्चर तपासणी करा आणि डॉक्टर सांगतील तो कोर्स पुरा करा.

मग हे तंतू कायम बाहेरच असतात का? आपल्या प्रतिकारशक्तीला ते दिसत नाहीत?

दिसतात, म्हणूनच जिवाणू ते बंद करू शकतो. ई. कोलायच्या डीएनएत या तंतूंच्या जनुकांआधी ३१४ अक्षरांचा एक तुकडा आहे, तो जागच्या जागी उलटापालटा होतो. एका दिशेला तंतू चालू, दुसऱ्या दिशेला बंद. एकाच पिढीतल्या भावंडांत काही केसाळ, काही तुळतुळीत निघतात, त्यामुळे परिस्थिती कशीही आली तरी कोणीतरी तगतं.

वर्गात दाखवता येईल असा एखादा प्रयोग?

आहे, आणि स्वस्त आहे. बेकरीतलं यीस्ट सलाइनमध्ये कालवून दुधाळ द्रावण करा. यीस्टच्या कवचावर मॅनोजच्या साखळ्याच साखळ्या असतात. स्वच्छ स्लाइडवर त्याचा एक थेंब, शेजारी ई. कोलायचा एक थेंब. काडीने एकत्र करा आणि स्लाइड हातात धरून हळूहळू मागेपुढे कलती करा. पहिले काही क्षण काहीच होत नाही. मग कडेला बारीक पांढरे कण येतात, ते एकमेकांना मिळतात, आणि दूध नासल्यासारखा थेंब फुटतो. कणांच्या मधलं पाणी नितळ. आता दुसऱ्या स्लाइडवर तेच करा, पण जिवाणूंत आधी चिमूटभर मॅनोज विरघळवून. थेंब शेवटपर्यंत दुधाळच राहतो. केस न दिसताही ते आहेत आणि साखरेला धरतात हे डोळ्यांसमोर सिद्ध होतं.

एक खबरदारी. जिवाणू द्रव माध्यमात, नळी न हलवता, ३७ अंशांवर ४८ तास वाढवलेले हवेत. वर सायीसारखा पापुद्रा धरला की समजावं तंतू आलेत. एका वर्षी घाईत मी अगरच्या, म्हणजे घट्ट माध्यमाच्या, प्लेटवरून खरवडलेली वाढ वापरली. तशा वाढीत तुळतुळीत भावंडांचीच चलती असते. दहा मिनिटं स्लाइड हलवून मनगट दुखलं, गुठळी एक नाही, आणि अख्खा वर्ग माझ्याकडे बघतोय. जिवाणूसुद्धा निरुपद्रवी प्रयोगशाळेतलाच घ्या, आणि तोही तंतू बनवणारा आहे ना, हे आधी पाहून ठेवा. काम झालं की स्लाइड जंतुनाशकात बुडवा.

केसांवर चालणारे जिवाणू असतात म्हणे?

चालणारे म्हणण्यापेक्षा स्वतःला ओढत नेणारे. या तंतूंना टाइप फोर पिलाय म्हणतात. गळ टाकावा तसा जिवाणू तंतू बाहेर फेकतो, टोक कुठेतरी चिकटतं, मग बुडाशी असलेलं यंत्र मणी सुटे करून तंतू आत खेचतं आणि जिवाणू पुढे सरकतो. पुन्हा फेक, पुन्हा खेच. प्रमेहाच्या (गोनोरियाच्या) जिवाणूत हा खेच प्रत्यक्ष मोजला गेला आहे : एका तंतूचा जोर १०० पिकोन्यूटनच्या वर. आकडा किरकोळ वाटेल, पण जिवाणूचं वजन एक पिकोग्रॅमच्या आसपास धरलं तर हा जोर त्याच्या स्वतःच्या वजनाच्या सुमारे दहा हजार पट होतो.

पटकीचा जिवाणू याच पद्धतीने पाण्यातल्या डीएनएच्या सुट्या धाग्याला गळ लावून आत ओढतो. २०१८ मध्ये इंडियाना विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याचं चित्रण केलं. कॉलोबॅक्टर नावाच्या पाण्यातल्या जिवाणूला तर पृष्ठभाग लागला हेच तंतूतून कळतं. खेचताना अडलं की लगेच तो कायमचा डिंक सोडून ठाण मांडतो.

'सेक्स पिलस' हे नाव कोणी ठेवलं? वर्गात हसू आवरत नाही.

हसून घ्या, मग ऐका. पिलस हे पिलायचं एकवचन. १९४६ मध्ये लेडरबर्ग आणि टेटम यांनी दाखवलं की जिवाणूंच्या दोन वाणांत जनुकांची देवघेव होते. तेव्हा तंतूंची गोष्ट कोणालाच ठाऊक नव्हती. पुढे कळलं की देणाऱ्या जिवाणूकडे एक लांब पिलस असतो, २० मायक्रोमीटरपर्यंतसुद्धा, म्हणजे जिवाणूच्या अंगाच्या दहापट. तो घेणाऱ्याला गाठतो आणि जवळ ओढतो. डीएनए या पोकळ तंतूतूनच जातो की दोघं चिकटल्यावरच जातो, हा वाद अनेक दशकं चालला. २०२३ मध्ये लांब लांब असलेल्या जिवाणूंतही तंतूतून डीएनए पोचतो असा पुरावा आला.

याची झळ आपल्याला बसते. प्रतिजैविकांना न जुमानण्याची जनुकं बहुधा प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या छोट्या सुट्या कड्यावर, असतात आणि प्लाझ्मिड अशीच हातोहात फिरतात, तीही एका जातीकडून दुसऱ्या जातीकडे. लिंगभेद वगैरे यात काही नाही. ज्याला प्लाझ्मिड मिळालं तो स्वतःच 'देणारा' होतो. नाव चुकीचंच पडलं.

याच घराण्यातली यंत्रणा ॲग्रोबॅक्टेरियम या मातीतल्या जिवाणूकडे आहे, फक्त तो डीएनए दुसऱ्या जिवाणूला न देता वनस्पतीला देतो. २००२ मध्ये भारतात परवानगी मिळालेल्या पहिल्या बीटी कपाशीतलं जनुक मुळात याच जिवाणूच्या हातून अमेरिकेत कपाशीत शिरलं होतं. जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीने ते आपल्या वाणांत आणलं.

प्लेगच्या जंतूलाही असे केस होते का?

होते, आणि त्यांनी आपला इतिहास घडवलाय. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग ओळखला तो मूळ गोव्याच्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. पुढच्या जानेवारीत, १० तारखेला, ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्डेमार हाफकिन यांनी स्वतः तयार केलेली लस आधी स्वतःला टोचून घेतली. लशीत उष्णतेने मारलेले जिवाणू होते. त्यात नेमकं काय आहे हे तपासायची साधनं तेव्हा नव्हती.

आज आपल्याला माहीत आहे की प्लेगचा जिवाणू माणसाच्या अंगातल्या उबेत, ३७ अंशांना, स्वतःभोवती एफ-वन नावाचं आवरण चढवतो. पिसवेच्या पोटातल्या थंडाव्यात नाही. ते आवरण मायक्रोस्कोपखाली गुळगुळीत थर वाटलं तरी अतिशय बारीक, गुंतलेल्या तंतूंचं असतं, आणि ते विणायची रीत ई. कोलायच्या तंतूंचीच : तोच मदतनीस, तोच दरवाजा. इथे मात्र काम पकडायचं नाही, निसटायचं आहे. पांढऱ्या पेशींना हा जिवाणू गिळता येत नाही. मादागास्करमध्ये प्लेगच्या झटपट चाचणीची पट्टी हेच एफ-वन शोधते, आणि नव्या प्लेग लशींच्या बहुतेक प्रस्तावांत ते असतंच.

मग सगळ्याच रोगांवर केसांविरुद्ध लस का नाही काढत?

काढून पाहिली. प्रमेहाच्या जिवाणूच्या पिलायची लस १९८० च्या दशकात कोरियातल्या अमेरिकी सैनिकांवर तपासली, साफ फसली. कारण हा जिवाणू पिलायच्या जनुकात आपल्याच साठ्यातले तुकडे अदलाबदल करत राहतो. आज एक चेहरा, उद्या दुसरा. डांग्या खोकल्याच्या बाबतीत मात्र जमलं. काही पेशीविरहित लशींत (अख्ख्या जिवाणूऐवजी त्याची मोजकी प्रथिनं असलेल्या) त्या जिवाणूच्या दोन प्रकारच्या फिंब्री असतात.

चांगल्या जिवाणूंना नसतात का केस?

असतात की. प्रोबायोटिक म्हणून विकला जाणारा लॅक्टोबॅसिलस ऱ्हामनोसस जीजी आतड्यातल्या श्लेष्म्याला आपल्या पिलायने धरतो, हे २००९ मध्ये दाखवलं गेलं. याचा अर्थ घरच्या विरजणातले जिवाणूही तसेच चिकटतात असा काढू नका. ते वेगळ्या घरचे. दही खा, चवीसाठी खा.

जिवाणूंचे केस वीज वाहून नेतात, हे खरं?

२००५ पासून तसंच शिकवत होतो. जिओबॅक्टर हा चिखलातला जिवाणू ऑक्सिजनऐवजी लोखंडाच्या खनिजावर इलेक्ट्रॉन टाकून 'श्वास' घेतो, आणि त्याचे पिलाय म्हणजे त्याच्या तारा, असं मानलं गेलं. २०१९ मध्ये त्या तारांची रचना अणूंच्या पातळीवर पाहिली तेव्हा त्या पिलाय निघाल्याच नाहीत. लोहयुक्त हीम रेणू एकापुढे एक रचलेल्या सायटोक्रोम नावाच्या प्रथिनांचा तो धागा होता. हे दाखवणाऱ्यांत येल विद्यापीठातल्या निखिल मालवणकर यांचा गट होता, आणि २०११ मध्ये पिलायच्या विद्युतवाहकतेवर गाजलेला शोधनिबंध लिहिणाऱ्यांतही मालवणकरच पहिले लेखक होते. आपलंच म्हणणं असं मागे घ्यायला छाती लागते. जुन्या मताचे लोक अजून मैदानात आहेत. पेपरात कुठलं उत्तर लिहायचं ते तुमच्या पुस्तकाची आवृत्ती पाहून ठरवा.

आर्किया म्हणजे ते उकळत्या झऱ्यातले जीव. त्यांचं काय?

आर्किया म्हणजे जिवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळ्या घराण्याचे एकपेशीय जीव. सगळेच उकळत्यात राहत नाहीत. जर्मनीत रेगेन्सबुर्गजवळच्या गंधकयुक्त थंड झऱ्यांत एक आर्किया सापडतो. त्याच्या अंगावर सुमारे शंभर तंतू, त्यांवर ठरावीक अंतराने काटे, आणि टोकाला खराखुरा तीन नख्यांचा आकडा. विहिरीत पडलेली बादली काढायला गळ सोडतात ना, हुबेहूब तो. संशोधकांनी नाव दिलं 'हामी', लॅटिनमध्ये आकडे. प्रथिनातून असा आकडा कसा वळवला असेल या विचाराने मी एकदा अर्धा तास ते चित्रच बघत बसले होते.

आजी पाणी फडक्यातून गाळायची. त्याने पटकीचा जंतू अडतो का?

सुटा जंतू नाही अडत. तो एक-दोन मायक्रोमीटरचा, कापडाच्या भोकांतून खुशाल जातो. पण नदी-तळ्याच्या पाण्यात तो बऱ्याचदा सुटा नसतो. कोपेपॉड नावाचे नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारे कवचधारी जीव असतात, त्यांच्या कवचातल्या कायटिनला तो आपल्या पिलायने धरून बसतो, एकेकावर हजारोंनी. बांगलादेशातल्या मतलब नावाच्या ग्रामीण भागात ६५ गावांत बायकांना जुनी सुती साडी घड्या घालून, तिच्यातून पाणी गाळायला सांगितलं. २००३ मध्ये निकाल छापून आला : पटकीचं प्रमाण ४८ टक्क्यांनी घटलं. साडी जुनी हवी, कारण वापरून धुऊन सुताला लव सुटते आणि भोकं बारीक होतात. गाळल्यावर फडकं उलटं करून स्वच्छ पाण्याने धुवायचं आणि उन्हात वाळवायचं, नाहीतर पुढच्या वेळी तेच कोपेपॉड आपल्याच हंड्यात. आणि गाळलं तरी उकळा.